रेकॉर्ड माझं, तर विचारायचं मला

“दादा, ताईंना जरा बाहेर बाकावर बसवा, आपण बोलू.” सरकारी मनोरुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातले कारकून माझ्याकडे न बघता माझ्या भावाला म्हणाले. आजार माझा, अर्ज माझा, वॉर्डात 23 दिवस काढले ते मी. दादा फक्त मला गाडीवरून सोडायला आला होता. चार महिने झाले, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतःच्या सहीने दाखल झाले होते, डिस्चार्जही मागितल्यावर मिळाला. पुढे नोकरीसाठी गाव बदललं. नव्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठल्या गोळ्या दिल्या, कुठली सोसली नाही? एका गोळीने हात इतके थरथरायचे की चहाचा कप धरता यायचा नाही. पण तिचं नाव काही केल्या आठवेना. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी, त्याही न लागणाऱ्या अक्षरात.

म्हणून मी त्या रुग्णालयात माझं रेकॉर्ड मागायला गेले. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं, “कोर्टाची ऑर्डर आणा.” दुसऱ्या खेपेला, “माहिती अधिकारात टाका.” दोन्हींची गरज नव्हती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एसटीने जाऊन-येऊन दर वेळी एक रजा गेली. घरी येऊन मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 वाचून काढला. कलम 25 प्रमाणे आपलं मूलभूत वैद्यकीय रेकॉर्ड मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. नियमांत त्यासाठी ‘नमुना अ’ दिलाय आणि अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांत रेकॉर्ड द्यायचंय.

तिसऱ्या खेपेला तो नमुना भरून नेला, तेव्हाचं हे बाकावर बसवणं. मी उठले नाही. त्यांनी अर्ज उलटा करून माझ्याकडे सरकवला, “घरच्यांची सही आणा.” मी तो सुलटा केला, कलमाखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हटलं, “साहेब, नाही म्हणायचं असेल तर ह्यावरच लिहून द्या.” ते कागद घेऊन आत गेले. दहा मिनिटांत प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही झाली. पोच देताना शिक्का पुसट उठला, तर मी पुन्हा मारून घेतला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

बाराव्या दिवशी रेकॉर्ड हातात आलं. थरथर आणणारी गोळी लिथियम होती.

अर्ज प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे करा, दोन प्रती न्या, पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एखादी माहिती वाचून रुग्णाच्या मनाला गंभीर इजा होईल किंवा दुसऱ्या कोणाला धोका होईल असं वाटलं, तर डॉक्टर तेवढी माहिती रोखू शकतात. पण मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हेही त्यांनीच तुम्हाला सांगायला हवं. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ह्या कायद्यातले हक्क बजावण्यासाठी मोफत मदत मिळते.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. बरं वाटत असतानाच आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांचे निर्णय घ्यायला आपल्याला मदत करणारा माणूस, ठरवून ठेवा. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतं. मी दादाचंच नाव लिहिलंय, त्याला विचारून.