बुडाला असता तर पैसा कोणाचा?

स्टार्टअपच्या संस्थापकांच्या मुलाखती ऐकताना मी हल्ली एकच प्रश्न मनाशी धरून ऐकतो: हा धंदा बुडाला असता, तर पैसा कोणाचा बुडाला असता? कोल्हापुरात उद्यमनगर आणि शिरोली येथील लहान कारखानदारांचे हिशेब पाहणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे कदाचित हा प्रश्न मला इतरांपेक्षा लवकर सुचत असेल. मात्र त्याचे उत्तर ठाऊक नसताना पॉडकास्टमधला कोणताही धडा आपल्या कारखान्याला लावायला जाऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

२०१६ पासून गाय राझ घेत असलेल्या ‘हाउ आय बिल्ट धिस’ या मुलाखतमालेत स्टुअर्ट बटरफिल्ड यांनी सांगितलेली हकिकत घ्या. त्यांच्या कंपनीने ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ तयार केला; तो चालणार नाही हे लक्षात आल्यावर २०१२ मध्ये तो बंद केला आणि बहुतेक सहकाऱ्यांना निरोप द्यावा लागला. बँकेत गुंतवणूकदारांचे काही दशलक्ष डॉलर अद्याप शिल्लक होते व ते परत करण्याची त्यांची तयारी होती, परंतु गुंतवणूकदारांनीच दुसरे काही करून पाहा असे सुचवले. खेळ बनवताना आपसातल्या संवादासाठी जी साधी व्यवस्था केली होती तिच्यातून पुढे ‘स्लॅक’ हे कार्यालयीन संदेशांचे सॉफ्टवेअर उभे राहिले आणि २०२० च्या अखेरीस सेल्सफोर्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. यातून ‘वेळीच दिशा बदला’ हा धडा सर्वजण उचलतात. दिशा बदलायला जो अवकाश मिळाला, तो परतफेडीचा हप्ता नसलेल्या पैशामुळे मिळाला, ही गोष्ट मात्र ऐकणाऱ्याच्या हातून निसटते.

आता हाच प्रसंग शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मांडून पाहावा. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर चालणारी भट्टी, बँकेच्या कर्जातून आलेली असते, खेळत्या भांडवलासाठीची कॅश क्रेडिट मर्यादा राहत्या घराच्या तारणावर मिळालेली असते, भंगार आणि पिग आयर्न, म्हणजे कच्चे लोखंड, यांचे पैसे लगोलग द्यावे लागतात, महावितरणचे बिल थांबत नाही आणि ज्या मोठ्या कंपनीला कास्टिंग (ओतीव भाग) जातात तिच्याकडून पैसे येण्यास तीन-तीन महिने लागतात. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी खरेदीदाराला प्राप्तिकरात मिळत नाही. तरीही एकाच ग्राहकावर ज्याचा कारखाना चालतो, तो त्या ग्राहकाला कायद्याचे कलम दाखवण्याआधी दहा वेळा विचार करतो. अशा माणसाला ‘अपयशाला घाबरू नका’ असे सांगणे मला थोडेसे असभ्य वाटते.

याचा अर्थ या मुलाखती आपल्या कामाच्या नाहीत असा नाही. प्रवाशांना लोकांची घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत उमेदवारांच्या नावांची न्याहारीची खोकी ४० डॉलरना एक या भावाने विकून तग धरला, ही गोष्ट सर्वांना आठवते, कारण ती मजेदार आहे. माझ्या दृष्टीने तिच्यापेक्षा मोलाची गोष्ट पुढची: घरांची नोंदणी वाढत नव्हती, तेव्हा हे लोक स्वतः न्यूयॉर्कला गेले, घरमालकांच्या दारी जाऊन त्यांच्याशी बोलले आणि खोल्यांची चांगली छायाचित्रे काढून दिली. हे करण्यास परक्याचे भांडवल लागत नाही. आपला भाग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर नेमका कुठे अडतो हे तिथे उभे राहून पाहणारा मालक आणि केवळ रिजेक्शनचा ईमेल वाचून सुपरवायझरवर ओरडणारा मालक, यांच्या ताळेबंदातला फरक मी पाहिलेला आहे.

आपल्याला अधिक जवळची उदाहरणे म्हणजे श्रीधर वेंबू यांची सॉफ्टवेअर कंपनी झोहो आणि २०१० मध्ये नितीन कामत यांनी सुरू केलेली ऑनलाइन शेअर दलाली कंपनी झेरोधा. दोन्ही कंपन्या बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा न घेता वाढल्या, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात खर्चाचा हात आखडता ठेवणे आणि नफ्यातूनच पुढचे पाऊल टाकणे हे विषय येतात. तेही जसेच्या तसे घेता येत नाहीत. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते, दुसऱ्या कास्टिंगला पुन्हा तितकेच लोखंड लागते.

गाय राझ मुलाखतीच्या अखेरीस या यशात नशीब किती आणि मेहनत किती, असे विचारतात. प्रश्न चांगला आहे, पण तो फक्त यशस्वी झालेल्यांनाच विचारला जातो, म्हणून उत्तरांचा पुरावा म्हणून फारसा उपयोग नाही.

भागीदारीविषयी मात्र पॉडकास्टपेक्षा आपल्याच गावाचा इतिहास अधिक शिकवतो. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या साथीने त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. नोकरी सोडून निघालेले कसबी लोक, एक पैसेवाला भागीदार, चार वर्षांत पुण्याला स्थलांतर आणि १९४२ पर्यंत शांतारामांचे बाहेर पडणे: आजच्या कोणत्याही स्टार्टअपची कथा याहून वेगळी नसते. अशा कंपनीत कोणाचा वाटा किती, निर्णय कोणाचा आणि बाहेर पडणाऱ्याला काय द्यायचे, हे पहिल्याच वर्षी कागदावर आणावे, असे मी प्रत्येक नव्या भागीदारी पेढीला सांगतो. मैत्री आहे, कागद कशाला, हे उत्तरही मला जवळजवळ प्रत्येक वेळी मिळते.

कोणी कोल्हापूरच्या कारखानदारांच्या मुलाखती मराठीत ध्वनिमुद्रित करणार असेल, तर स्वप्न कधी पडले हे विचारू नये. पिग आयर्नचा भाव चढला की कास्टिंगचा दर वाढवून मिळेल ही अट करारात कशी घालून घेतली, पहिला मोठा ग्राहक गेल्यावर कामगारांचा पगार कशातून केला, आणि घर तारण ठेवताना घरात कोणी सही करायला नकार दिला होता का, एवढे विचारले तरी एक भाग पुरणार नाही.