टोपीतली हिरवी डहाळी

चढाच्या पायथ्याशी बाबा थांबले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "इथून गेले? या उघड्यावरून? आणि समोर भिंतीआड बंदुका?"

बाबांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीत बावीस वर्षं काढली. जमीन वाचायची त्यांची नजर वेगळी. मला तिथे साधी घरं, अंगणं, दारात उभ्या गाड्या दिसत होत्या. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की आडोसा कुठेच नाही.

व्हर्जिनियात आम्हाला अकरा वर्षं झाली. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात आयर्लंडहून आलेल्या सैनिकांची ब्रिगेड जिथे हा चढ चढली, ते फ्रेडरिक्सबर्ग आमच्या फेअरफॅक्सपासून तासाभरावर, तरी जाणं झालं नव्हतं. यंदा बाबा साताऱ्याहून आले आणि त्याच सुमारास माझ्या नागरिकत्वाच्या मुलाखतीचं पत्र आलं. त्या अर्जात एक प्रश्न असतो: कायद्याने सांगितलं तर अमेरिकेच्या बाजूने शस्त्र हाती घ्याल का? बाकीच्या प्रश्नांवर करावी तशीच मी त्यावरही 'हो'ची खूण केली होती. बाबांनी अर्जाची प्रत चाळली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे नीट वाचून केलंस ना?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही गाडी काढली.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सडत गेलं. दहा लाखांहून अधिक माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली, तितकीच देश सोडून बाहेर पडली. त्यातली बरीचशी न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या धक्क्यावर उतरली. ही माणसं गरीब होती, कॅथलिक होती, आणि इथल्या पुष्कळांना ती नको होती. त्याआधीच, १८४४ साली, फिलाडेल्फियात त्यांची चर्चेस जाळली गेली होती. पुढच्या दशकात तर एक अख्खा पक्षच या विरोधावर उभा राहिला. नागरिकत्वाआधी एकवीस वर्षं राहण्याची अट घाला, ही त्याची मागणी. ग्रीन कार्डानंतरची पाच वर्षंच मला किती लांब वाटली होती!

या लोकांच्या निष्ठेबद्दलचा संशय कसा होता ते मायकेल कॉर्कोरनच्या गोष्टीतून कळतं. १८६० साली इंग्लंडचा युवराज न्यूयॉर्कला आला तेव्हा ६९व्या न्यूयॉर्क पलटणीला मानवंदनेच्या संचलनात उतरायचं फर्मान निघालं. आयर्लंडमधल्या स्लायगोहून आलेला कॉर्कोरन हा त्या पलटणीचा कर्नल. त्यानं ते साफ नाकारलं. ज्या राजवटीत आपली माणसं उपाशी मेली, तिच्या वारसापुढे तो पलटण नेणार नव्हता. त्याच्यावर कोर्ट मार्शल बसलं. सहा महिन्यांत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा खटला गुंडाळला गेला आणि तोच कर्नल ती पलटण घेऊन वॉशिंग्टनच्या रक्षणाला आला. १८६३च्या डिसेंबरात आमच्या फेअरफॅक्सजवळच घोड्यावरून पडून तो गेला. ज्या भागात मी रोज मुलांना शाळेत सोडते तिथला हा इतिहास, आणि मला तो आत्ता कळतोय.

आयरिश ब्रिगेड उभी केली ती थॉमस फ्रान्सिस माहर यानं. १८४८च्या उठावासाठी ब्रिटिशांनी त्याला फाशी सुनावली, मग ती बदलून टास्मानियाला काळ्या पाण्यावर धाडलं. तिथून निसटून तो १८५२ मध्ये अमेरिकेत पोचला. आपल्या माणसांना तो दोन गोष्टी सांगायचा: ज्या देशानं आसरा दिला तो तुटू देऊ नका, आणि इथे शिकलेली लढाई उद्या आयर्लंडच्या कामी येईल. एका गणवेशात दोन देश. उत्तरेकडून लढलेल्यांत आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे दीड लाख होते. सगळेच निष्ठेपोटी आले नव्हते. घर चालवायला भरतीचे पैसे हवे होते. शिवाय जुलै १८६२ मध्ये कायदा झाला, की सन्मानाने सेवा संपवलेल्या परदेशी सैनिकाला वर्षभराच्या वास्तव्यावर नागरिकत्व मिळेल.

भिंतीमागचा रस्ता खोलगट आहे. दगडी भिंत छातीपर्यंत येते, तिचा थोडाच भाग मूळचा, बाकीचा नंतर रचलेला. वाटेत इनिस हाउस नावाचं छोटं पांढरं घर लागतं. खिडकीला डोळे लावले की आतल्या लाकडी भिंतीतली गोळ्यांची भोकं दिसतात. बाबा भिंतीमागे जाऊन वाकले, शहराच्या दिशेनं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "इथून तर नेम धरायचीही गरज नाही."

१३ डिसेंबर १८६२. ब्रिगेडची सोनेरी वीणेची हिरवी निशाणं लढायांत चिंध्या होऊन न्यूयॉर्कला परत गेली होती. हिरवं निशाण उरलं होतं ते फक्त २८व्या मॅसॅच्युसेट्सचं, म्हणून ती पलटण मधोमध ठेवली. बाकीच्यांनी काय करावं? माहरनं प्रत्येकाला टोपीत बॉक्सवूड या झुडपाची हिरवी डहाळी खोवायला सांगितली. मरताना तरी आपण कोण ते कळावं. असे सुमारे बाराशे जण हा चढ चढले. ५४५ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवशी भिंतीपर्यंत कुणीच पोचलं नाही, ना ते, ना त्यांच्या आधी-नंतर पाठवलेल्या तुकड्या. समोरच्या जॉर्जियाच्या ब्रिगेडचा सेनापती जखमी होऊन पडला, तेव्हा सूत्रं हाती घेतली रॉबर्ट मॅकमिलन या कर्नलनं. त्याचाही जन्म आयर्लंडचाच. त्यानं दक्षिणेला आपलं मानलं होतं.

दोन दिवसांनी, शहर अजून तोफांच्या टप्प्यात असताना, इथल्या नाट्यगृहात ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांची पंगत बसली. नवी निशाणं येऊन पोचली होती. ती सांभाळायला पुरेशी माणसं उरली नव्हती, म्हणून ती परत पाठवली.

हे वाचल्यावर मी बराच वेळ बाकावर बसून राहिले. मला राग आला होता. कुणी एवढं काही सिद्ध करायला लागावं का?

पण गोष्ट इथेच सोडली तर ती खोटी ठरेल. मार्च १८६३ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. नागरिकत्वाचा इरादा नोंदवलेले परदेशीही त्यात आले, आणि ३०० डॉलर भरणाऱ्याला सूट होती. मजुराची ती जवळजवळ वर्षाची कमाई. २ जुलैला याच ब्रिगेडचे उरलेले पाचशेच्या आसपास लोक गेटिसबर्गला लढले, आणि ११ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये भरतीविरुद्ध दंगल उसळली. दंगलखोरांत आयरिश पुष्कळ होते. त्यांनी कृष्णवर्णीयांना शोधून शोधून मारलं, फासावर लटकवलं, त्यांच्या मुलांचं अनाथाश्रमही जाळलं. दंगलखोरांना आवरणाऱ्या पोलिसांतही आयरिश होते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हेही सांगत जा सगळ्यांना."

टेकडीवर राष्ट्रीय स्मशानभूमी आहे. इथे पंधरा हजारांहून अधिक सैनिक आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं माहीत नाहीत. अशांच्या जागी वीतभर चौकोनी दगड रोवलेत, दोन आकडे कोरलेले: वरचा कबरीचा क्रमांक, खालचा आत किती जण आहेत त्याचा. बाबा रांगेनं चालत खालचे आकडे वाचत होते. दोन. चार. तीन. सहा. डहाळी खोवलेला यात कोण, ते कसं कळणार? एका दगडावरची ओली पानं त्यांनी पायानं नाही, खाली बसून हातानं बाजूला केली. त्यांचे गुडघे दुखतात, तरी.

परतताना आय-९५ महामार्गावर नेहमीचा खोळंबा होता. मुलाखत दहा दिवसांवर. मग भारताचा पासपोर्ट परत करायचा, ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाचा, अर्ज भरायचा, ही सगळी कामं डोळ्यासमोर होती. बाबांनी माझा सरावाचा कागद काढला आणि चष्मा लावून एकेक प्रश्न मराठीतून विचारू लागले. सिनेटर किती. संविधान कुठल्या साली. मी उत्तरं देत गाडी रेटत होते. मग तो प्रश्न आला. मागच्या वेळेसारखंच त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "कायद्याने सांगितलं तर अमेरिकेच्या बाजूने शस्त्र हाती घेशील?"

पुढच्या गाडीचे लाल दिवे विझेपर्यंत मी थांबले.

"हो," म्हटलं.

बाबांनी पान उलटलं.