करड्या कापडाचा तुकडा

सकाळी पावणेआठला मेडिकल वॉर्डात राउंडला गेले, तेव्हा नाईटची सिस्टर मॉर्निंगवालीला ओव्हर, म्हणजे ड्यूटी सोपवताना पेशंटची माहिती, देत होती. मला पाहताच दोघी बोलायच्या थांबल्या. पेशंटबद्दल सांगताना कुणी असं थांबत नाही. विषय दुसराच होता.

चार दिवसांपूर्वी नोटीस बोर्डावर दोन ओळींचं परिपत्रक लागलं होतं. पुढच्या महिन्यापासून सर्व नर्सिंग व साहाय्यक कर्मचाऱ्यांना नवीन गणवेश, नमुने भांडारात पाहावेत. खाली शिक्का आणि सह्या. का, कसा, कुणाच्या खर्चाने, एक अक्षर नाही. सह्यांमध्ये सहायक मेट्रन म्हणून माझीही सही होती, आणि ती करताना मीही काही विचारलं नव्हतं.

त्या दोन ओळींची जागा कुजबुजीने भरून काढली. गणवेशाचे पैसे पगारातून कापणार. हातात अंगठी दिसली की मेमो. नाईटला स्वेटर बंद. चेंजिंग रूम काढून तिथे ऑफिस करणार. आणि सगळ्यांत जास्त पसरलेली गोष्ट म्हणजे दोन वॉर्ड एक करून माणसं कमी करणार, गणवेश ही नुसती सुरुवात.

ओव्हर संपल्यावर वॉर्डातल्या जुन्या मावशींनी मला लिननच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. खिशातून त्यांनी कापडाचा एक तुकडा काढला. बोटभर रुंद, करडा, कात्रीने कापलेल्या कडेचे दोरे सुटत आलेले. भांडारातल्या शिंप्याकडून त्यांनी तो मागून घेतला होता आणि सफाईच्या एजन्सीतल्या मुलाच्या शर्टाला लावून पाहिला होता.

"रंग तोच आहे, मॅडम. एकवीस वर्षं झाली मला इथे. आम्हाला एजन्सीत घालायचं असेल तर सरळ सांगा. कपडे कशाला बदलता?"

"असं काही नाही, मावशी," हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुकडा हातात घेतला आणि ते तिथेच राहिलं. रंग खरंच तोच होता.

तडक भांडारात गेले. एकाच कापडाची मोठी ऑर्डर द्यायला सोपी, एवढंच कारण निघालं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, फक्त कुणी विचार केला नव्हता. हॉस्पिटलात रंग म्हणजे हुद्दा. घाबरलेला नातेवाईक आधी रंग बघतो आणि मग कुणाला हाक मारायची ते ठरवतो. कायम माणसाला कंत्राटी माणसाचा रंग दिला, तर तिने त्याचा दुसरा काय अर्थ लावायचा? मी कच्ची ऑर्डर थांबवायला सांगितली.

वॉर्डांची गोष्ट मला जास्त जड जात होती, कारण तीत तथ्य होतं. ऑक्सिजनच्या पाइपलाइनच्या कामासाठी दोन वॉर्ड तीन महिने एकत्र चालवायचा विचार चालू होता. मला ते माहीत होतं आणि नक्की होईपर्यंत बोलू नका अशी सूचना होती. मी अधीक्षकांकडे गेले आणि स्टाफला सांगायची परवानगी मागितली.

"अजून काही ठरलेलं नाही," ते म्हणाले.

"मग ठरलेलं नाही, हेच सांगते, सर."

ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, "सांगा."

दुपारी दोनला मॉर्निंग आणि इव्हनिंगची माणसं एकाच वेळी वॉर्डात असतात, म्हणून तीच वेळ धरली. लेखा विभागाकडून दोन ओळी लिहून आणल्या होत्या: दोन जोड हॉस्पिटल देणार, पगारातून कपात नाही. कागद हातोहात फिरला. चेंजिंग रूमचा उलगडा तिथेच झाला. परवा कुणीतरी टेप घेऊन खोली मोजताना दिसलं होतं. ते माप नव्या लॉकरसाठी होतं.

मग नव्या गणवेशाच्या अर्ध्या बाह्यांचा विषय निघाला. फुल बाह्यांचा स्वेटर घातलेली एक सिस्टर स्वतःहून पुढे आली. तिला वॉर्डातल्या बेसिनवर नेहमीसारखे हात धुवायला सांगितलं. बोटं, तळवे, बोटांच्या बेचक्या, सगळं तिने नीट धुतलं. मनगटाशी मात्र बाही आडवी आली आणि कड भिजली. त्या भिजलेल्या कडेवर बीटाडीनचा वाळलेला तपकिरी डाग होता, कुठल्या ड्रेसिंगचा ते तिलाही आठवेना. तिने स्वेटर काढून बाजूला ठेवला. मी एक शब्द बोलले नव्हते.

इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ साली कोपराखाली हात उघडे ठेवण्याची सूचना काढली, तीच आता आपल्याकडे येतेय, हे मी सांगितलं. कपड्यांमुळेच पेशंटला इन्फेक्शन होतं असा पक्का पुरावा मिळालेला नाही, हेही लपवलं नाही. मनगटापर्यंत हात धुता यावेत, एवढंच बाह्यांमागचं कारण. साध्या वळ्याची अंगठी चालेल, खड्याची नाही, कारण खड्याखाली घाण अडकते. घरी धुणाऱ्यांनी कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटं धुवावेत, बहुतेक जंतू त्यात जातात.

बोलताना माझ्या डोक्यात डॉक्टर सेमेलवाइस घोळत होता. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आले. तरी लोकांनी ते मानलं नाही. सगळं सविस्तर मांडणारं त्याचं पुस्तक यायला १८६१ साल उजाडलं. चौदा वर्षं! आमचा नियमही बरोबरच होता, आम्ही तो दोन ओळींत उरकला होता.

स्वेटरच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं होतं. पहाटे तीन वाजता आयसीयूतला एसी अंगावर घेऊन कुणी अर्ध्या बाह्यांत उभं राहून दाखवावं. तिथेच ठरवलं की नर्सिंग स्टेशनवर स्वेटर चालेल, पेशंटला हात लावायच्या आधी काढायचा. बिनबाह्यांच्या जॅकेटची मागणी मी लिहून घेतली.

शेवटी वॉर्डांचं सांगितलं. तीन महिने, पाइपलाइनचं काम, तारीख ठरलेली नाही. खोलीत कुणी हललं नाही. मागून एका ब्रदरने विचारलं, "माणसं कमी करणार का?"

"नाही, असं मला तोंडी सांगितलंय. लेखी माझ्याकडे नाही. मिळालं की याच बोर्डावर लावीन."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"वॉर्ड एकत्र करायचं माहीत होतं. हो."

त्याने मान खाली घातली. त्याचा राग मला पटला.

रात्री आठला नाईटच्या माणसांसाठी हेच सगळं पुन्हा सांगितलं. ज्यांना तोंडावर विचारायला अवघड वाटतं त्यांच्यासाठी बोर्डावर एक कोरा कागद लावला. परत येताना पाहिलं, तर त्यावर एकच ओळ होती, मावशींच्या मोठ्या, गोल अक्षरात: 'तीन महिन्यांनी आम्ही आमच्याच वॉर्डात परत येणार ना?'

खाली मी लिहिलं, 'अजून उत्तर नाही. सोमवारी पुन्हा विचारते.' सोमवारी विचारलं. उत्तर मिळालं नाही, तेही तारीख घालून तिथेच लिहिलं. मावशींच्या गणवेशासाठी मात्र गडद निळं कापड मंजूर झालं होतं. त्याचा तुकडा मी स्वतः कापून घेतला आणि त्यांना नेऊन दिला.