आरतीची चतुःसीमा

जमिनीच्या खरेदीखतात एक परिच्छेद असतो. तो वाचल्याशिवाय आमच्या खात्यातला माणूस पुढचं काही वाचत नाही. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा गट. याला म्हणतात चतुःसीमा. क्षेत्राचा आकडा चुकला तर दुरुस्ती होते. चतुःसीमा चुकली की भावाभावांच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात. भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी नोकरी झाली, त्यातली बरीचशी सोलापूर जिल्ह्यात. मी बांधावर जाऊन उभी राहिले तरी कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, मोजणीदार कधी येणार?"

निवृत्त झाले तरी खोड जात नाही. एखादं गाणं ऐकलं की माझं पहिलं काम म्हणजे हा माणूस कुठे उभा राहून गातोय, त्याच्या पुढे काय आहे, मागे काय आहे, ते बघणं. बऱ्याच गाण्यांत काहीच सापडत नाही. चंद्र असतो, वारा असतो, पत्ता नसतो. पण एका गाण्यात पत्ता इतका चोख आहे की मोजणीची नोटीस काढावी. ते आपण सगळेच म्हणतो, भाद्रपदात तर रोज दोन वेळा: 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा'.

आमच्या सोसायटीत या आरतीचे हाल होतात. 'सुखकर्ता' सगळे खणखणीत म्हणतात. 'लवथवती'ला निम्मे ओठ हलवतात. 'दुर्गे दुर्घट' दोन-तीन बायकांच्या जिवावर निभावते. मग विठोबाची पाळी येते तोवर टाळ वाजवणाऱ्यांच्या हाताला रग लागलेली असते. त्यात पुढे 'येई हो विठ्ठले' असते. तिथे पोरांना 'ये'वर दम किती टिकतो याची स्पर्धा लावायची असते, म्हणून ही आरती उरकून टाकायची घाई. पाच कडवी आगगाडीसारखी निघून जातात. खिडकीतून कुणी बाहेर बघत नाही.

मी बघते. आणि मला दिसतं ते पंढरपूर, जवळजवळ स्थळपाहणीच्या टिपणासारखं.

टिपणात आधी तारीख लागते. तीही आहे. 'युगे अठ्ठावीस' याचा अर्थ सगळे 'अठ्ठावीस युगं झाली, देव उभाच आहे' असा घेतात. तसा तो घेता येतोच, आणि भक्ताला तो गोडही वाटतो. कीर्तनात दुसरा हिशेब ऐकायला मिळतो: चार वेद, सहा शास्त्रं, अठरा पुराणं, बेरीज अठ्ठावीस. बेरीज बरोबर आहे, पण मला ती ओढूनताणून आणलेली वाटते. माझं मन तिसऱ्या बाजूला आहे. सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा भराभर काय म्हणतात ते एकदा कान देऊन ऐका. वैवस्वत मन्वंतर, त्यातलं अठ्ठाविसावं युग, त्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण. पुराणांच्या कालगणनेत एका मन्वंतरात एकाहत्तर महायुगं असतात आणि आपण अठ्ठाविसाव्यात आहोत. म्हणजे आरतीची सुरुवात तारखेनं झाली. संकल्पात तारखेनंतर लगेच जागा येते, दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर वगैरे. आरतीतही तोच क्रम आहे. काळ सांगून झाला की विटेवर बोट.

आणि मग नदी. 'चरणी वाहे भीमा'. लहानपणी मला वाटायचं की देवाच्या पायातून पाणी निघतंय, गंगावतरणाच्या चित्रातल्यासारखं. प्रत्यक्ष जागेवर उभं राहिलं की सगळं सरळ होतं. विठोबाचं तोंड पूर्वेला. महाद्वारातून बाहेर पडून नाकासमोर चालत गेलं की रस्ता उतरायला लागतो, घाट येतो, घाटाखाली नदी. देव जिथे उभा आहे तिथून नदी खरोखरच पुढे आणि खाली आहे. कवीनं इथे काही फुगवलेलं नाही, उतार नोंदवलाय.

पुंडलिकही याच रेषेत येतो. त्याचं देऊळ काठावर नाही, थेट पात्रात, वाळवंटात आहे. उजनीतून आणि वीर धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की ते पाण्यात जातं आणि टीव्हीवाले पहिला कॅमेरा तिकडेच फिरवतात. 'पुंडलिकाचे भेटी परब्रह्म आले गा' या ओळीत देव पाहुणा आहे आणि पुंडलिक जागेवरचा रहिवासी, हे आपण म्हणता म्हणता विसरतो. आईबापांचे पाय चेपणाऱ्या पोरानं पाहुण्याला वीट सरकवली, थांब म्हणाला. पाहुणा थांबला.

एक गंमत बघा. पहिल्या कडव्यात नदीचं नाव भीमा आहे. चौथ्या आणि पाचव्या कडव्यात तीच नदी चंद्रभागा होते. आमच्या नकाशावर भीमाच छापलेली असते, कारण भीमाशंकरपासून कृष्णेला मिळेपर्यंत ती भीमाच. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून तेवढ्यापुरती चंद्रभागा. आरती लिहिणाऱ्यानं दोन्ही नावं जपून वापरली आहेत. वाहते ती भीमा. लोक दिवे सोडतात, बुडी मारतात ती चंद्रभागा. सरकारी नाव एकीकडे आणि वहिवाटीचं नाव दुसरीकडे, असं मी शेकडो ओढ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

दुसऱ्या कडव्यातल्या तुळशीमाळा, पीतांबर, कस्तुरी यांवर फार बोलण्यासारखं नाही, ते देवाच्या अंगावर दिसतंच. त्याच कडव्यातल्या शेवटच्या दोन ओळी मात्र मला आवडतात. देव आणि सुरवर रोज 'येती'. गरुड आणि हनुमंत पुढे 'उभे राहती'. येणारे वेगळे, हजर असणारे वेगळे. देवळाच्या आवारात गरुड आणि मारुती यांची छोटी देवळं आहेत, तेव्हा इथेही कवी खूण दाखवूनच बोलतोय. गरुड विष्णूचा आणि मारुती रामाचा, मग दोघं एका देवापुढे कसे, असा प्रश्न पंढरपुरात कुणी विचारत नाही. राम, कृष्ण, विठ्ठल हे वारकऱ्याच्या तोंडात एकाच दमात येतात.

तिसऱ्या कडव्यात आरती गावाबाहेर जाते. 'धन्य वेणुनाद' हे बहुतेक लोक बासरीचा आवाज म्हणून म्हणतात. पंढरपूरच्या माणसाला त्यात जागा ऐकू येते. गावाच्या दक्षिणेला, गोपाळपूरच्या बाजूला, नदीच्या पात्रात विष्णुपद आहे. कृष्णानं तिथे गाई चारल्या, बासरी वाजवली, अशी कथा आहे. दगडात पावलं आणि गाईंची खुरं दाखवतात. मार्गशीर्षात विठोबा महिनाभर तिकडे मुक्कामाला असतो, अशी समजूत आहे, आणि लोक दर्शनाला तिकडे जातात. आषाढी पौर्णिमेचा काला होतो तोही गोपाळपुरातच. त्याला लागून येतो क्षेत्रपाळ, म्हणजे क्षेत्राच्या हद्दीचा राखणदार. देवाच्या आरतीत हद्दीच्या राखणदाराला मान! आमच्या खात्यात हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं होतं. सोन्याच्या कमळांना मात्र मला गावात जागा सापडलेली नाही, ती मी अलंकार म्हणून सोडून देते.

आता वादाचा मुद्दा. 'वामांगी रखुमाई'.

घरच्या देव्हाऱ्यात, कॅलेंडरवर, गावोगावच्या देवळांत रखुमाई विठोबाच्या डाव्या हाताला उभी असते. पण जिथली ही आरती, त्या पंढरपुरात ती शेजारी नाहीच. तिचं देऊळ वेगळं, मागच्या बाजूला. कारण कथा सगळ्यांना माहीत आहे. द्वारकेत राधा येऊन कृष्णाच्या मांडीवर बसली, रुक्मिणीला ते सहन झालं नाही, ती रुसून दिंडीरवनात निघून आली. तिला शोधत देव आला आणि वाटेत पुंडलिकाकडे अडकला. म्हणजे अख्खं पंढरपूर एका नवरा-बायकोच्या भांडणामुळे वसलं, असं म्हटलं तरी चालेल.

मग ध्रुवपद बघा. 'रखुमाईवल्लभा, राईच्या वल्लभा'. ही राई म्हणजे राधाच. पंढरीत तिलाही स्वतंत्र जागा आहे, सत्यभामेलाही आहे. जिच्यावरून घर मोडलं तिचं नाव रुसलेल्या बायकोच्या नावाला जोडून, दर कडव्यानंतर, टाळ्या वाजवून! आणि तिसऱ्या कडव्यात दोघी मिळून नवऱ्याला ओवाळतायत, 'राई रखुमाबाई राणीया सकळा'. बांधावरची इतकी भांडणं पाहिली, पण वादी आणि प्रतिवादी एकाच तबकाला हात लावून उभे आहेत असं दृश्य मी कधी पाहिलं नाही. देवळानं जे वेगवेगळं ठेवलं ते आरतीनं एकत्र आणून उभं केलं. हे कवीला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. गरुड-हनुमंताची जागा बरोबर सांगणारा माणूस रखुमाईची जागा चुकणार नाही. इथे त्यानं जसं आहे तसं न लिहिता, जसं असावं तसं लिहिलं.

हे सगळं जुळवत असताना एक गोष्ट खटकायला लागली. वीट आहे, नदी आहे, पुढचे गरुड-हनुमंत आहेत, वेणुनाद आहे, क्षेत्रपाळ आहे, वाळवंटातल्या दिंड्या-पताका आहेत, आषाढी-कार्तिकी आहे. इमारत कुठे आहे? पाच कडवी पुन्हा म्हणून बघा. देऊळ नाही. गाभारा नाही, खांब नाही, दार नाही, कळस नाही. पंढरपूरचं वर्णन करताना महाद्वार वगळणं म्हणजे खरेदीखतात 'त्यावरील घरासह' हे शब्दच नसणं.

आजचं देऊळ वेगवेगळ्या काळात वाढत गेलेलं आहे हे खरं. पण आरतीच्या शेवटच्या ओळीत ज्यांचं नाव आहे त्या नामदेवांच्या काळात तिथे देऊळ होतं यात शंका नाही. चौऱ्यांशीचा म्हणून जो शिलालेख तिथे आहे, ज्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष फेरे चुकतात असं लोक मानतात, तो शके ११९५ ते ११९९ मधल्या देणग्यांची नोंद आहे, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७. नामदेवांचा जन्म १२७० चा. म्हणजे त्यांच्या बालपणातच देवळाला देणगी देणाऱ्यांची नावं दगडात कोरली जात होती. तरी आरतीत भिंत नाही.

भिंत गाळली तर आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्नच राहत नाही. नामदेवांचा सोबती चोखोबा आत जाऊ शकत नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळून तो गेला, म्हणजे गावाच्या हद्दीनंच त्याला घेतलं. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून महाद्वारासमोर पुरल्या, असं परंपरा सांगते. ती समाधी आजही नामदेव पायरीच्या समोर आहे. मंगळवेढ्यात मोजणीला जायचे तेव्हा कूस हा शब्द कागदावर आला की मला हे आठवायचं. चोखोबाच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मधल्या सहा शतकांत हीच आरती म्हटली जात होती का, कुणाच्या तोंडी होती, हा अभ्यासकांचा प्रांत. पण बाहेरूनच परत जाणाऱ्या माणसालाही ही आरती म्हणता येते, कारण त्याला जे दिसत होतं तेच तिच्यात आहे. नदी, वाळवंट, पताका. 'दर्शनहेळामात्रे', नुसतं सहज बघितलं तरी पुरे. आषाढीच्या दर्शनबारीत रात्रभर उभ्या राहिलेल्या माझ्या नणंदेला हा 'सहज' काही पटत नाही, तो भाग वेगळा.

शेवटची ओळ सहीची. 'केशवासी नामदेव भावे ओवाळिती'. माझी शंका इथे आहे. नामदेव अभंगात स्वतःचं नाव कसं टाकतात? 'नामा म्हणे'. साधं, एकेरी. आणि इथे 'नामदेव ओवाळिती', आदरार्थी अनेकवचन. कुठलाही संत स्वतःला अहो-जाहो करत नाही. यमकाची गरज आहे हे मान्य, वर येती, करिती, मुक्ती आहे, तेव्हा 'ती' हवाच. पण पंचनाम्यावर लिहिणाऱ्याची सही वेगळी असते आणि हजर असलेल्यांची नावं वेगळी. ही ओळ मला दुसऱ्या रकान्यातली वाटते. कुणीतरी शेजारी उभं राहून नामदेवांना ओवाळताना पाहिलं आणि लिहून ठेवलं: नामदेव हजर होते. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव घातलं नाही. मोजणी खात्यात तशी नोंद मी नामंजूर केली असती.