ठिपक्यांच्या रांगोळीचा फलक: राइट-क्लिकच्या मेनूचे काम कुठवर आले

ठिपक्यांची रांगोळी ब्राउझरमध्ये काढता यावी म्हणून मी जो छोटा फलक तयार करत आहे, त्यातील रेषा, सममिती आणि रंगभरणी ही कामे मागच्या नोंदीपर्यंत मार्गी लागली होती. त्यानंतरचे सहा आठवडे एकाच कामात गेले. ठिपक्यावर राइट-क्लिक केले की ब्राउझरचा मेनू न येता फलकाचा स्वतःचा मेनू यावा, त्यात ‘ठिपका वगळा’, ‘येथून रेषा काढा’, ‘घरात रंग भरा’ असे पर्याय असावेत, एवढेच करायचे होते. ‘७ ते ४’ ठिपक्यांच्या रांगोळीतही ३७ ठिपके असतात आणि ‘११ ते ६’मध्ये ९१, त्यामुळे प्रत्येक वेळी वरच्या पट्टीपर्यंत हात नेऊन परत येण्यापेक्षा ठिपक्याजवळच पर्याय मिळणे फार सोयीचे ठरते.

सुरुवात सोपी वाटली. राइट-क्लिक झाल्यावर ब्राउझर पानाला ‘कॉन्टेक्स्टमेनू’ नावाचा इव्हेंट, म्हणजे काहीतरी घडल्याची सूचना, देतो, त्यावर कोडमध्ये ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ म्हटले की ब्राउझरचा मेनू थांबतो आणि त्या जागी आपला मेनू दाखवता येतो. मी हा कोड संपूर्ण पानाला जोडला, आणि पहिली चूक तिथेच झाली. फलकाच्या खाली रांगोळीचे नाव आणि टिपण लिहिण्याची चौकट आहे. आईने तिथे दुसरीकडून कॉपी केलेला मजकूर चिकटवण्यासाठी राइट-क्लिक केले, तर तिच्यापुढे ‘ठिपका वगळा’ हा पर्याय आला. ‘पेस्ट’ नाही, शब्दाखाली लाल रेघ आली तर तिच्या सूचनाही नाहीत. हे पर्याय आपल्या मेनूत आणता येतील का, हे पाहण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. ब्राउझर स्पेलिंगच्या सूचना पानाच्या हाती देतच नाही. क्लिपबोर्डमधील, म्हणजे कॉपी करून ठेवलेला, मजकूर वाचायचा तर सुरक्षित जोडणी आणि वापरकर्त्याची संमती लागते, आणि ती संमती विचारण्याची रीत प्रत्येक ब्राउझरची निराळी आहे. आपण ब्राउझरच्या मेनूची नक्कल करायला निघालो, तर ती कायम अपुरीच राहणार, हे मला तेव्हा पटले. आता कोड फक्त रांगोळीच्या फलकाला जोडलेला आहे. लिहिण्याच्या चौकटी, दुवे आणि निवडलेला मजकूर यांवर ब्राउझरचाच हक्क आहे, आणि तिथे मी हात लावत नाही.

माझा सर्वाधिक वेळ मॅकने घेतला, आणि त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण ही अडचण विंडोजवर काम करणाऱ्याला दिसतच नाही. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे आणि त्यावर सगळे व्यवस्थित चालत होते. मावसबहिणीने तिच्या मॅकवर फलक उघडला, ट्रॅकपॅडवर दोन बोटे दाबली, आणि बोटे उचलताक्षणी तिने न निवडताच ठिपका नाहीसा झाला. मेनू डोळ्यांना दिसण्याआधीच त्याचा पहिला पर्याय लागू झाला होता. पहिला पर्याय नेमका ‘ठिपका वगळा’ हाच होता.

मी तिच्याकडे बसून प्रत्येक इव्हेंटचे नाव कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत, छापून घेतले. विंडोजवर क्रम असा येतो: आधी बटण दाबल्याचा इव्हेंट, मग सोडल्याचा, आणि त्यानंतर ‘कॉन्टेक्स्टमेनू’. मॅकवर आणि लिनक्सवर ‘कॉन्टेक्स्टमेनू’ बटण दाबल्याबरोबर येतो आणि सोडल्याचा इव्हेंट त्याच्या मागून येतो. म्हणजे मॅकवर बोट अजून खालीच असताना माझा मेनू कर्सरखाली उघडत होता, आणि बोट उचलल्याचा इव्हेंट पहिल्या पर्यायावर जाऊन पडत होता. दाबून ओढत नेऊन पर्यायावर सोडता यावे म्हणून मी मुद्दाम सोडण्याच्या इव्हेंटवर पर्याय लागू केले होते, तेच अंगाशी आले.

उपाय म्हणून मी मेनू कर्सरपासून सहा पिक्सेल उजवीकडे आणि खाली सरकवला. ठिपका आता वाचला, पण मेनू उघडल्याबरोबर मिटू लागला. याचे कारण शोधायला आणखी एक रविवार गेला. मेनूसाठी मी ब्राउझरची ‘पॉपओव्हर’ सोय, म्हणजे पानाच्या वर तरंगणारी चौकट, ‘ऑटो’ या प्रकारात वापरली होती, कारण बाहेर क्लिक केले की मेनू आपोआप मिटणे त्यात फुकट मिळते. हे मिटणे ठरवताना ब्राउझर दोन गोष्टी जुळवून पाहतो: बटण दाबले तेव्हा कर्सर कोणत्या पॉपओव्हरवर होता, आणि सोडले तेव्हा कोणत्या. दाबताना मेनू अस्तित्वातच नव्हता, म्हणजे कर्सर बाहेर. सोडताना मेनू सहा पिक्सेल दूर, म्हणजे कर्सर पुन्हा बाहेर. ब्राउझरच्या दृष्टीने हे बाहेर केलेले साधे क्लिक होते आणि त्याने नियमाप्रमाणे मेनू मिटवला. मेनू कर्सरखालीच असता तर तो मिटला नसता, पण पहिला पर्याय लागू झाला असता. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, आणि एक काढली की दुसरी उघडी पडत होती.

शेवटी ‘ऑटो’ सोडून ‘मॅन्युअल’ प्रकार घेतला आणि मिटवण्याचे काम स्वतःकडे घेतले: बाहेर नव्याने बटण दाबले, एस्केप दाबले, पान सरकले किंवा खिडकीचा आकार बदलला, की मेनू मिटतो. पर्याय आता फक्त डाव्या बटणाच्या पूर्ण क्लिकवरच लागू होतात. ओढत नेऊन सोडण्याची सोय मी काढून टाकली, आणि ‘ठिपका वगळा’ मेनूच्या तळाशी नेला. मिटवण्याचा कोड पस्तीसएक ओळींचा झाला आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे मला सांगता येते.

मॅकवर आणखी एक गोष्ट सापडली. अनेक ठिपके निवडण्यासाठी मी कंट्रोल दाबून क्लिक करण्याची पद्धत ठेवली होती, आणि मॅकवर कंट्रोल-क्लिक म्हणजेच राइट-क्लिक. तिथे आता कमांडची कळ वापरते.

फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून राइट-क्लिक केले की पानाने काहीही ठरवलेले असो, ब्राउझरचा स्वतःचा मेनू उघडतो, आणि पानाला त्याची चाहूलही लागत नाही. मी शिफ्ट-राइट-क्लिकवर ‘सममितीतले सगळे ठिपके वगळा’ ही क्रिया ठेवली होती, ती फायरफॉक्समध्ये कधीच चालली नाही. ती क्रिया मेनूत हलवली आणि शिफ्ट मोकळी सोडली. फायरफॉक्सचा हा निर्णय मला मनापासून आवडतो. छायाचित्रे कुणी उतरवून घेऊ नयेत म्हणून राइट-क्लिक बंद करणारी संकेतस्थळे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत; अशा पानांवर वाचकाला स्वतःच्या ब्राउझरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग हवाच.

क्रोममध्ये असा मार्ग नाही, म्हणून तो मी फलकातच करून दिला. यूट्यूबच्या व्हिडिओवर एकदा राइट-क्लिक केले की त्यांचा मेनू येतो आणि दुसऱ्यांदा केले की ब्राउझरचा. तीच पद्धत मी घेतली. माझा मेनू उघडा असताना फलकावर पुन्हा राइट-क्लिक झाले, तर मी माझा मेनू मिटवते आणि ब्राउझरला अडवत नाही. फलक कॅनव्हासचा, म्हणजे ब्राउझरला एकसंध चित्रासारखा दिसणारा, असल्यामुळे त्या मेनूतून चित्र जतनही करता येते. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ब्राउझरच्या मेनूसाठी फलकावर पुन्हा राइट-क्लिक करा’ असे लिहिले आहे, कारण न सांगितलेली सोय कुणाला सापडत नाही.

उजवे बटण दाबून ओढले की फलक सरकावा, हा बेत मी पूर्ण सोडला. विंडोजवर कर्सर चार पिक्सेलपेक्षा जास्त हलला असेल तर शेवटी येणारा मेनू रोखणे जमले होते. मॅकवर आणि लिनक्सवर मेनूचा इव्हेंट आधीच येऊन गेलेला असतो. शिवाय ऑपेरा आणि विवाल्डी या ब्राउझरांत उजवे बटण धरून माऊसच्या खुणा करण्याची सोय आहे, आणि तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. आता स्पेसबार धरून ओढले की फलक सरकतो.

स्पर्शपडद्याचे काम निम्मे झाले आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये बोट दाबून धरले की ‘कॉन्टेक्स्टमेनू’ आपसूक येतो. आयपॅडच्या सफारीत बोट धरून तो येत नाही, म्हणून अर्ध्या सेकंदाचा टायमर लावला आणि बोट दहा पिक्सेलपेक्षा जास्त सरकले तर तो रद्द केला. मग अँड्रॉइडवर दोन्ही वाटांनी मेनू दोनदा उघडू लागला, म्हणून आधी जो येईल त्यानेच मेनू उघडावा अशी खूण ठेवली.

कीबोर्डकडे मी उशिरा वळले, हे खटकते. शिफ्ट आणि एफ१० या कळांनीही हाच इव्हेंट येतो, पण तेव्हा कर्सरची जागा निरर्थक असते. आता बाणांच्या कळांनी निवडलेल्या ठिपक्याजवळ मेनू उघडतो, वर-खाली बाणांनी पर्याय फिरतात, आणि एस्केप दाबल्यावर कीबोर्डचा रोख (फोकस) त्याच ठिपक्यावर परत येतो.

पानाचे पर्याय ब्राउझरच्याच मेनूत मिसळण्याची सोय एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेत, एके काळी होती. ती फक्त फायरफॉक्सने प्रत्यक्षात आणली, एचटीएमएलच्या अधिकृत नियमावलीतून ती वगळली गेली आणि २०२१मध्ये फायरफॉक्स ८५मधूनही गेली. माझ्या मते ती टिकायला हवी होती, कारण वर लिहिलेल्या बहुतेक अडचणी तिने उद्भवूच दिल्या नसत्या.

राहिलेले काम: फलकाच्या उजव्या कडेच्या ठिपक्यांवर मेनू डावीकडे उलटा उघडतो, पण पान दीडशे टक्क्यांपर्यंत मोठे केले की त्याची खालची ओळ कापली जाते. मेनूची उंची उघडण्याआधी मोजली जाते आणि तेव्हा मराठी फॉन्ट पूर्ण उतरलेला नसतो, असा माझा संशय आहे. या आठवड्यात फॉन्ट उतरल्यानंतर मोजमाप घेऊन पाहणार आहे.