चोर्ला घाटासाठी दिवे निवडताना

गोव्यातल्या वाळपईहून बेळगावला जायचं म्हटलं की केरी सुटल्यावर चोर्ला घाट लागतो, आणि पावसाळ्यात तिथलं धुकं रात्री रस्ता गिळून टाकतं. म्हणून बाईकसाठी जादा दिवे घेताना मी वॅटपेक्षा झोत कसा पडतो ते आधी बघतो. लांब, अरुंद झोताचा दिवा मोकळ्या हायवेवर छान. घाटातल्या वळणावर तो दरीत उजेड पाडतो. आम्हाला हवा रुंद झोत, वरून कापलेला, म्हणजे वरच्या बाजूला उजेड न फेकणारा. म्हादई अभयारण्याच्या पट्ट्यात गवा रस्त्याच्या कडेला उभा असतो, समोर नव्हे!

रंगाचं म्हणाल तर मी ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळ्याच्या बाजूचा. पिवळा उजेड धुकं भेदतो असं गॅरेजवाले सांगतात, ते मला पटत नाही. धुक्याचे थेंब सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. पण पिवळा डोळ्यांना कमी टोचतो, आणि तेवढं मला पुरतं. खरा फरक उंचीने पडतो: दिवे खाली, क्रॅश गार्डवर लावले की परतून येणारा उजेड थेट डोळ्यांत येत नाही.

२० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि ५ अँपिअरचा फ्यूज हवाच, वेगळा स्विचही. समोरून कदंबा (गोव्याची सरकारी) बस आली की तो लगेच बंद करायचा. त्या ड्रायव्हरलाही वळण दिसायला हवं.