दहा लिटर, तीन मुक्काम

नळ उघडला तर आधी फुस्स झालं, मग त्यानं दोनदा खोकल्यासारखं केलं, मग काहीच नाही. पंप मात्र घरघरत राहिला, पोहरा कोरड्या विहिरीत सोडावा तसा. टॉर्च घेऊन कॅरॅव्हॅनखाली शिरले आणि कारण दिसलं. टाकीच्या बुडाशी पाणी सोडायची प्लॅस्टिकची तोटी असते, तिला वाटेतल्या एका दगडानं बरोब्बर गाठलं होतं. ऐंशी लिटर पाणी मी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगेच्या धुळीला पाजत पाजत आले होते. तोटीच्या टोकाला एक शेवटचा थेंब लोंबत होता. तो पडेपर्यंत मी तिथंच पाठीवर पडून बघत राहिले.

जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा, संध्याकाळचे साडेपाच, अंधार पडत आलेला. फोनला रेंज नाही. गाडीत पिण्याच्या पाण्याचा दहा लिटरचा एक कॅन आणि अर्धी बाटली. बेत तीन मुक्कामांचा. शहाण्या माणसानं सकाळी उठून मागच्या मुक्कामाला, विल्पेनाला, परत जाऊन पाणी आणलं असतं, तासाभराची तर वाट. पण त्याच पत्र्याच्या छपरासारख्या रस्त्यानं पुन्हा दात खिळखिळे करून घ्यायचे, या विचारानंच मला घाम फुटला. आणि खरं सांगू? दहा लिटर हा आकडा ऐकून मला भीती वाटलीच नाही. दहा लिटर म्हणजे एक कळशी. एका कळशीत आमच्या घरात काय काय व्हायचं, हे मला चांगलं आठवत होतं.

मी माणदेशातली. म्हसवडजवळचं गाव, सातारा जिल्हा. बहात्तरच्या दुष्काळात सहा वर्षांची होते. तेव्हाची आठवण पाण्यापेक्षा धान्याची: सुकडी, आणि लाल मिलोची घशाखाली न उतरणारी भाकरी. विहिरीच्या तळाला पाणी तेव्हा तरी होतं. पुढं धान्य मिळायला लागलं आणि पाणीच गेलं. मग सगळा उन्हाळा टँकरची वाट. भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांची पहिली विसळणी, ते पाणी म्हशीपुढं, आणि हातपाय धुतलेलं दारच्या शेवग्याला. आई एकच पाणी तीनदा वापरायची आणि चौथ्यांदा ते कुठं वापरता येईल याचा विचार करत बसायची.

आता मुक्काम ॲडलेडला, बावीस वर्षं झाली. चौदा फुटी सेकंडहँड कॅरॅव्हॅन गेल्या वर्षी घेतली. आमचे हे येत नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्या घराला चाकं आहेत त्या घरात झोप लागत नाही. मंडळाच्या संक्रांतीला बायकांनी "एकटीच जातेस?" असं एकेकीनं विचारलं, आणि कॅम्पवर तेच सगळे इंग्रजीतून विचारतात. दोन्हीकडं मी एकच उत्तर देते: "हो." त्यापुढं लोकांना काय बोलावं ते सुचत नाही.

ॲडलेड ते या रांगेजवळचं हॉकर गाव चारशेच्या आसपास किलोमीटर. पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की क्वॉर्नच्या कॅरॅव्हॅन पार्कात गाडी रिव्हर्स घेताना मला पाच प्रयत्न लागले आणि घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या सहा-सात पेन्शनर मंडळींनी ते तमाशाला यावं तसे बघितले. चार वाजले की यांची मद्यपानाची वेळ होते, आणि त्या वेळेला नवशिकी बाई चौदा फूट मागं घेत असेल तर याहून स्वस्त करमणूक नाही. पाचव्या खेपेला टाळ्यासुद्धा झाल्या. मला राग आला, पण मी हसले.

क्वॉर्न आणि हॉकरच्या मध्ये कान्याका लागतं. थांबायचं ठरवलं नव्हतं. रस्त्यालगत पाटी दिसली, पाय मोकळे करावे म्हणून वळले, आणि दोन तास तिथंच गेले. दगडी भिंती उभ्या, छपरं नाहीत, चुलाण्यांची धुराडी तेवढी ताठ. १८५२ साली ह्यू प्रोबी नावाच्या इंग्रज तरुणानं इथं मेंढ्यांचा कारभार मांडला. पुढं तो एवढा वाढला की सत्तरेक कुटुंबं इथं नांदत होती. मग १८६०च्या दशकातला दुष्काळ आला आणि मेंढ्या हजारोंनी मेल्या. हा प्रोबी स्वतः मात्र त्याच्या आधीच, पहिल्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी गेला. आणि गेला कसा, तर विलोच्रा ओढ्याला अचानक आलेल्या लोंढ्यात बुडून. ज्या मुलखात पाण्यावाचून सगळं संपलं, तिथला पहिला मालक पाण्यात गेला. आमच्या माणगंगेचीही तीच तऱ्हा. वर्षभर वाळू, आणि एखाद्या रात्री बैलगाडीसकट ओढून नेणार.

त्या दुष्काळातच, १८६५ साली, जॉर्ज गॉयडर नावाचा इथला सर्व्हेअर जनरल घोड्यावरून सगळा मुलूख फिरला आणि नकाशावर एक रेघ मारून आला. रेघेच्या दक्षिणेला शेती करा, उत्तरेला फक्त जनावरं चारा. हातात पावसाच्या फारशा नोंदी नसताना त्यानं झाडोऱ्यावरून ही रेघ ओळखली: कुठपर्यंत मॅलीची झाडं आहेत आणि कुठं नुसती खारट झुडपं सुरू होतात. आज मोजलं तर ती वर्षाला साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या रेघेवरून जाते. आमचा माण तालुका याच्यापुढं श्रीमंत म्हणायचा! पुढं १८७०च्या दशकात चार वर्षं पाऊस बरा झाला. लगेच लोक म्हणायला लागले की गॉयडर घाबरट आहे, नांगर लावला की पाऊस मागोमाग येतो. सरकारनंही रेघेपलीकडची जमीन गव्हाला देऊन टाकली. १८८०च्या दशकात पाऊस फिरला आणि माणसं घरं सोडून गेली. क्वॉर्नपासून पुढं शेतात मधेच एखादं बिनछपराचं दगडी घर दिसतं ना, ती ही घरं.

नांगर लावला की पाऊस येतो! मी त्या पडक्या भिंतीपाशी उभी राहून मोठ्यानं हसले. मग हसू गेलं. कारण माझ्या चुलत्यानं आमच्या कोरडवाहू रानात, दोन वर्षं बरी गेली म्हणून, ऊस लावला होता. तिसऱ्या वर्षी बोअरला फुफाटा लागला. तेव्हा त्याला गॉयडर कुणी झालं नाही, आणि झालं असतं तरी चुलत्यानं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

विल्पेनाला दोन दिवस होते. डोंगरांचं ते प्रचंड कडं बघून घ्या, फोटो जगभर आहेत. इथले मूळ रहिवासी अड्न्यामथन्हा लोक या जागेला इकारा म्हणतात, म्हणजे भेटण्याची जागा, आणि २०१६पासून नॅशनल पार्कच्या नावातही ते आलं. दोन महासर्प आडवे पडून हे कडं झालं अशी त्यांची कथा आहे. सगळ्यात उंच शिखराच्या माथ्यावर चढू नका अशी त्यांची विनंती असते. तरी माझ्यासमोर दोघं चढून गेले आणि वर सेल्फीही काढून आले. गर्दी फार. शाळांना सुट्ट्या होत्या. बाथरूमला रांग. म्हणूनच मी ब्राचिना गॉर्ज या घळीकडच्या साध्या बुश-कॅम्पवर निघाले होते, जिथं नळ नाही, वीज नाही आणि रांगही नाही.

तर परत त्या संध्याकाळी. दहा लिटरचा हिशेब मी वहीत मांडला: पिण्याला दिवसाला दोन, स्वयंपाकाला एक, उरलेल्या एका लिटरमध्ये बाकी सगळं. भात बाद, भाकरी चालू. भाकरीला पाणी लागतं ते पोटातच जातं. ताट शेकोटीच्या राखेनं घासून जुन्या वर्तमानपत्रानं पुसलं. लख्ख निघालं! आंघोळ म्हणजे पेलाभर पाण्यात रुमाल बुडवून. युट्यूबवर कॅरॅव्हॅनवाले 'पाणी कसं वाचवावं' यावर वीस-वीस मिनिटं बोलतात, ते बघून मी घरी किती वैतागले होते. इथं हात आपोआप चालत होते. चाळीस वर्षं नळाखाली भांडी धुतलेल्या या हातांना सगळं पाठ होतं.

माझ्यापासून पन्नास पावलांवर क्वीन्सलंडहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये वॉशिंग मशीन होतं. आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या शॉवरचा पाइप ओढून गाडीची काच धुवायला लागले. मग चाकं. मग पायरी. ओढा कोरडा, समोर धूळ, आणि हे चाकं धुताहेत! मी भाकरी थापता थापता बघत होते आणि माझा जीव नुसता खालीवर होत होता. शेवटी भाकरी करपली.

त्या दिवशी कॅरॅव्हॅन कॅम्पवर ठेवून नुसती गाडी घेऊन गॉर्जमधून गेले. रस्ता म्हणजे ओढ्याचं पात्रच, पुन्हा पुन्हा आडवं येतं. वीस किलोमीटरच्या वाटेवर जागोजागी पाट्या आहेत, कुठला खडक कुठल्या काळातला ते सांगणाऱ्या. वीस किलोमीटरमध्ये साधारण तेरा कोटी वर्षं. मी तोंडी हिशेब केला, किलोमीटरला पासष्ट लाख वर्षं. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणून लहानपणापासून त्याला म्हातारा समजत आले. इथले खडक साठ कोटींच्या पुढंमागं. सह्याद्री यांच्या पुढं पाळण्यातला. पाळण्यातला आणि तोंडाचा कोरा: बेसाल्टमध्ये जीवाश्म सापडायची मारामार, आणि इथं या डोंगररांगेत जगातल्या अगदी पहिल्या मोठ्या जीवांचे ठसे. १९४६ साली रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाला रांगेच्या पश्चिमेला एडियाकारा टेकड्यांमध्ये ते सापडले, आणि २००४ साली त्या टेकड्यांच्या नावानं एका अख्ख्या भूशास्त्रीय कालखंडाचं नाव ठेवलं गेलं. त्या कालखंडाची सुरुवात जिथं धरतात ती खूण इनोरामा ओढ्याच्या खडकात बसवली आहे. नाव गोल्डन स्पाइक, म्हणून मी सोन्याचा खिळा शोधत होते. निघाली पितळी दिसणारी एक चकती, घराच्या दारावरच्या नंबराएवढ्या दिमाखाची.

पण सांगायचं ते वॉलबीचं. वॉलबी म्हणजे छोट्या कांगारूसारखा प्राणी. ही पिवळ्या पायांची रॉक वॉलबी, अड्न्यामथन्हा भाषेत आंडू. शेपटीवर कडी कडी, जणू लोकरीचा मोजा चढवलाय. एके काळी कातड्यासाठी यांची शिकार झाली, मग कोल्हे आणि मोकाट शेळ्यांनी उरलेल्यांचं जगणं मुश्कील केलं. गेली तीसेक वर्षं कोल्हे-शेळ्या हटवल्यावर त्या पुन्हा दिसायला लागल्यात. पाऊण तास गाडीत गप्प बसल्यावर दगडांच्या ढिगात एक दगड हलला, आणि ती आंडू होती. ती एका कपारीशी गेली, खाली वाकली आणि खडकाच्या खळग्यातलं पाणी प्यायली. खळगा माझ्या पेल्याएवढा असेल. ती प्यायली, थांबली, इकडंतिकडं पाहिलं, परत थोडं प्यायली आणि उरलेलं ठेवून गेली. उरलेलं ठेवून! मी गाडीत एकटी होते म्हणून बरं, डोळे पुसायला कुणाची लाज नव्हती.

संध्याकाळी आजोबा आले. माझी तुटलेली तोटी त्यांनी सकाळीच बघितली होती म्हणे. एका बुचानं आणि टेपनं ती बंद केली आणि म्हणाले, "आमच्याकडं तीनशे लिटर आहे. वीस देतो." मी म्हणाले, नको, माझ्याकडं भरपूर आहे. खोटं बोलले. कबूल करते, तो माज होता. गावाकडं शेजारणीकडं घागर मागायला आई मला पाठवायची, आणि दारात उभं राहून ती घागर भरेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. शिवाय चाकं धुणाऱ्या माणसाकडून पाणी घ्यायचं?

सकाळी उठले तर पायरीशी वीस लिटरचा निळा कॅन. काठोकाठ. रात्रीतून ठेवून गेले होते.

त्या कॅनचं मी काय केलं ते आईला कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं. तीन दिवसांची लाल धूळ डोक्यात होती. मी ओढ्यापासून लांब, एका रेड गमच्या सावलीत बसले आणि शांपू-साबण न लावता, नुसत्या पाण्यानं केस धुतले. तांब्यावर तांब्या. थंडीनं दात वाजत होते. दहा लिटर गेले असतील, माझ्या पुरत्या तीन दिवसांचे. लाल चिखलाचं एक डबकं झालं आणि मी केस पिळते आहे तोवर झेब्रा फिंच पाखरांचा थवा येऊन त्याच्याभोवती बसलासुद्धा. लाल चोचींचे, मुठीएवढे. पाच मिनिटांत डबकं जमिनीनं आणि त्यांनी मिळून संपवलं.

कॅन परत करायचा तर रिकामा कसा द्यायचा? आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू होते, त्यांतले आठ एका स्टीलच्या डब्यात घातले, डबा कॅनवर ठेवला आणि नेऊन दिला. आजींनी विचारलं, हे गोड आहे की तिखट? मी म्हटलं, खाऊन बघा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांची कॅरॅव्हॅन गेली, मी झोपेतच होते. माझा डबा पायरीवर ठेवलेला होता. आतून-बाहेरून लख्ख धुतलेला, झाकणाच्या खाचेतसुद्धा एक कण नाही. किती पाणी घातलं असेल, देव जाणे.